हळदीचा कागद लाल का झाला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचे कार्याध्यक्ष सन्माननीय अण्णासाहेब पेडणेकर, व्यासपीठावर बसलेले मुख्याध्यापक भोईर सर, संस्थेचे सर्व पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण आज जमलो आहोत त्या आपल्या विज्ञानाच्या परेरा बाई, म्हणजे सौ. जेनिस परेरा, बाईंचे यजमान आणि आज पहिल्यांदाच पहिल्या रांगेत सापडलेले श्री. रॉनी परेरा, सर्व शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी, माझ्यासारखे पालक, आणि उशिरा आल्यामुळे मागे उभ्या राहिलेल्या माझ्या माजी विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझं नाव जयवंत घाडी. लिफ्ट दुरुस्त करणं हा माझा धंदा. गणपतीत आमच्या असल्फ्याच्या मंडळाचा माईक माझ्या हातात असतो, त्यामुळे घाटकोपरच्या या भागात माझा चेहरा कमी आणि आवाज जास्त लोकांना माहीत आहे. पालक संघाने मला सांगितलं, तुम्ही बोला, तुम्हाला सवय आहे. सवय आहे हे खरं. पण हरवलेल्या मुलाचं नाव पुकारणं वेगळं आणि हे वेगळं. कुठे अडखळलो तर आपण समजून घ्याल.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी फार सुंदर भाषणं केली. एकांनी सांगितलं की परेरा बाई या शाळेत साखरेसारख्या विरघळल्या. टाळ्याही चांगल्या पडल्या. मी मात्र बाईंकडे बघत होतो. बाई हसत होत्या, आणि बाई तशा हसल्या की त्यांचा वर्ग ओळखतो काय ते. त्यांना विचारायचं होतं, साखर किती, पाणी किती, आणि ढवळलं कोणी? बाईंसमोर विरघळण्याची उपमा द्यायची म्हणजे लिफ्टवाल्यासमोर प्रगतीच्या शिड्यांची गोष्ट करण्यासारखं आहे. तेव्हा मी आज उपमा देणार नाही. मी फक्त एक घडलेली गोष्ट सांगणार आहे.

आणि ती सांगायला एक कारण आहे. आमच्या वस्तीत ही गोष्ट पुष्कळांना माहीत आहे, पण चुकीची माहीत आहे. अलीकडे तर ती पार चमत्कार होऊन बसली आहे. मागच्या गणपतीत एका आजींनी मला हात धरून सांगितलं, "तुझ्या बायकोने शाळेत कुंकू पाठवलं होतं ना रे?" आता बाई शाळा सोडून चालल्या आहेत. बाई विज्ञान शिकवतात. त्यांच्या नावाने चमत्कार मागे राहावा हे मला बरं वाटत नाही. म्हणून माझ्या मुलीची, अक्षताची, परवानगी घेऊन मी उभा आहे. ती नववीत आहे, इथेच बसली आहे, आणि तिने मला ताकीद दिली आहे की बाबा, वाढवून सांगू नकोस.

अक्षता सहावीत असताना माझी पत्नी श्वेता गेली. जानेवारीत. आजार मोठा नव्हता असं आम्हाला वाटत होतं. त्याविषयी मी इथे जास्त बोलणार नाही, कारण मग मला पुढचं बोलता येणार नाही.

श्वेताची इच्छा होती की अस्थी गावच्या खाडीत सोडाव्यात. आमच्याकडे अस्थी घरात आणत नाहीत. मडकं फडक्यात बांधून मी चाळीच्या गॅलरीत, बाहेर, पत्र्याखालच्या खुंटीला टांगलं आणि ठरवलं की येत्या शनिवारी गावाला जायचं. शनिवार आला की अक्षताचं पोट दुखायचं. खोटं नाही, खरोखर दुखायचं, पोरगी आडवी व्हायची. आणि खरं सांगायचं तर तिचं पोट दुखलं की मला आतून सुटल्यासारखं वाटायचं. माझे काका, धाकूकाका, आमच्या घरातले वडील माणूस, रोज विचारायचे, "जयवंता, दिवस टळान गेले, कधी जातलंस?" मी म्हणायचो, जातो.

एका रात्री मी अक्षताला समजवायला बसलो. लहान मुलांना आपण जे सांगतो तेच सांगितलं. म्हटलं, आईला गावच्या पाण्यात सोडू, ती पाण्यात विरघळून जाईल, मग ती सगळीकडे असेल. मला वाटलं मी किती छान बोललो. पण माझ्या लक्षात आलं नाही की समोर बसलेली मुलगी परेरा बाईंच्या वर्गातली आहे. विरघळणं हा तिच्यासाठी नुसता शब्द नव्हता, तो तिचा धडा होता. मिठाचा खडा पाण्यात टाकून, ढवळून, शेवटी काहीच दिसेनासं झालेलं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. ती कूस बदलून झोपली.

पुढच्या बुधवारी परेरा बाई शाळेत आल्या त्या कपाळावर राखेचा क्रॉस घेऊन. तो राखेचा बुधवार होता. बाई मरोळच्या गावठाणातल्या, सकाळी चर्चमध्ये जाऊन तशाच मेट्रोने आल्या होत्या. मुलं विचारणारच. बाईंनी सांगितलं की ही गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख, माणूस मातीचा आहे आणि मातीत जाणार याची आठवण म्हणून लावतात. अक्षताने हात वर केला. "बाई, राख मातीऐवजी पाण्यात गेली तर? विरघळते?"

बाईंना काय कल्पना. त्यांना प्रश्न आवडला. म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे. विज्ञान दिनाला सगळे घरून एकेक पदार्थ आणणार आहेत ना? तू राख घेऊन ये. बघू."

इथे बसलेल्या कुठल्याही शिक्षकाने हेच म्हटलं असतं. आमच्या चाळीत अजून धुपाटणं पेटतं, कोणाकडे पाणी तापवायचा बंब आहे. राख म्हटली की बाईंच्या डोळ्यांसमोर तीच येणार. बाईंच्या घरी माणसाला पुरतात. खुंटीला टांगलेलं मडकं त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

विज्ञान दिनाच्या सकाळी अक्षता स्टुलावर चढली, फडकं सोडलं आणि कापराच्या रिकाम्या डबीत चिमूटभर रक्षा घेतली. फडकं तिने परत अगदी पहिल्यासारखं बांधलं. मला ते कळलंसुद्धा नाही.

प्रयोगशाळेतल्या त्या लांब टेबलावर काचेचे पेले मांडले होते. मीठ, साखर, तुरटी, रवा, पापडखार, आणि शेवटच्या पेल्याला चिठ्ठी होती, राख. प्रत्येकाने आधी आपला अंदाज सांगायचा आणि मग पदार्थ पाण्यात घालायचा, ही बाईंची पद्धत. अक्षताने अंदाज सांगितला, विरघळेल. मग घातली, ढवळली, आणि सगळे थांबले. पाणी गढूळ झालं, हळूहळू निवळलं, आणि राख तळाशी जाऊन बसली.

अक्षता हसायला लागली. वर्गातल्या मुलांनी तिला महिनाभर हसताना पाहिलं नव्हतं. बाईंनी पण नव्हतं. त्यांनी विचारलं, काय गं, अंदाज चुकला तरी एवढी खूश? आणि अक्षता म्हणाली, "बाई, आई विरघळत नाही."

बाईंनी मला नंतर सांगितलं की त्यांच्या हातातली काचकांडी त्यांना खाली ठेवता येईना. पण त्या ओरडल्या नाहीत, तिला रागावल्या नाहीत. पेल्यावर बशी झाकली, मुलांना मधल्या सुट्टीसाठी बाहेर सोडलं, अक्षताला जवळ बसवून घेतलं आणि मला फोन केला. मी बोरीवलीला एका सोसायटीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उभा होतो. बाई म्हणाल्या, "अक्षताचे बाबा, मुलगी बरी आहे, आधी ते सांगते. पण तुम्ही आत्ता येऊ शकाल का?"

मी पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. मधल्या सुट्टीत एक मुलगा जेवायला घरी गेला होता, त्याने सांगितलं, आणि धाकूकाका टोपी सरळ करायलाही न थांबता शाळेत येऊन उभे. काका मिलमध्ये होते, आवाज अजून तसाच, यंत्रावर मात करणारा. सगळ्या वर्गांना ऐकू गेलं. "तुमी आमच्या सुनेक गिलासात घातलात? तुमच्यात पुरतत, तुमका काय म्हायत आसतला? मिठासाखरेच्या रांगेत मांडलात तिका?"

मला राग आला नव्हता का? आला होता. पण माझ्या वाटचा रागसुद्धा काकांनीच काढला, त्यामुळे मी नुसता उभा राहिलो. तेव्हाचे मुख्याध्यापक घाबरले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ख्रिश्चन बाई, हिंदूंच्या अस्थी, दाराबाहेर जमत चाललेली माणसं. आपण मुंबईत राहतो, अशा गोष्टीला पाय फुटून ती कुठवर जाते ते आपल्याला माहीत आहे. सर बाईंना म्हणाले, लेखी माफी द्या, आणि प्रकरण निवळेपर्यंत रजेवर जा.

बाई काकांसमोर आल्या. हात जोडले. म्हणाल्या, "मी ओळखलं नाही, ही माझी चूक. तुमची माफी मागते, लेखी पण देते. पण मुलीने विचारलं ही तिची चूक नाही. तिला कोणी काही बोलायचं नाही." आणि मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आला नव्हता. "काका, आता या पेल्याचं काय करायचं? तुमच्यात काय करतात ते मला माहीत नाही. तुम्ही सांगाल तसं करू."

 काकांनाही माहीत नव्हतं. पेल्यातल्या अस्थींचं काय करायचं हे आमच्या गावचे भटजीसुद्धा सांगू शकले नसते. शेवटी काका म्हणाले, "बेसिनात ओतूचा नाय." बाई म्हणाल्या, "नाही ओतणार."

मग बाईंनी गाळणकागदाची घडी केली, नरसाळ्यात बसवली आणि काकांच्या, माझ्या, अक्षताच्या समोर तो पेला थेंबाथेंबाने गाळला.  रक्षा कागदावर राहिली, खाली बाटलीत स्वच्छ पाणी उतरलं. मी म्हटलं, बाई, कागद द्या, पाणी राहू दे, त्यात आता काही नाही. तर अक्षता म्हणाली, "काही नाही हे तुला कसं माहीत? मिठाच्या पाण्यात पण काही दिसत नाही." माझी मुलगी मला असं बोलते, तुम्हाला ऐकायची सवय नसेल, मला आहे.

बाईंनी कपाटातून हळदीचा कागद काढला. मुलांनी टीपकागद हळदीच्या पाण्यात भिजवून, वाळवून, पट्ट्या केल्या होत्या. अक्षताने पट्टी त्या स्वच्छ पाण्यात बुडवली. पिवळा कागद लाल झाला. गडद, कुंकवासारखा लाल.

काकांनी डोक्यावरची टोपी काढली. मी त्यांना देवाशिवाय कोणासमोर टोपी काढताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "सवाशीण गेली ती." आणि खुर्चीवर बसून रडायला लागले. जानेवारीपासून तो माणूस रडला नव्हता. दाराबाहेरच्या बायकांनी तिथूनच हात जोडले. चमत्काराची गोष्ट जी पसरली ती तिथून पसरली, आणि सगळे इथेच थांबतात.

पण मित्रहो, गोष्ट इथे संपत नाही. प्रकरण तेव्हा मिटलं होतं. काका शांत झाले होते, मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडला होता, माफीचं नाव कोणी काढत नव्हतं. बाई गप्प राहिल्या असत्या तर त्यांचं सगळंच वाचलं असतं. त्यांच्या जागी मी असतो तर मी गप्प बसलो असतो. बाईंनी काय केलं? त्यांनी काकांचं रडणं होऊ दिलं. त्यांना पाणी दिलं. मग बेसिनवरचा कपड्याचा साबण घेतला, दुसऱ्या पेल्यात थोडा कालवला, दुसरी पट्टी बुडवली. तीही लाल झाली. तशीच लाल.

मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. बाई म्हणाल्या, "काका, मला तुमच्याशी खोटं वागायचं नाही. राखेत काही क्षार असतात, ते पाण्यात विरघळतात. त्यांनी हळद लाल होते. साबणाने होते, चुन्याने होते. घरी कुंकू असंच करायचे." काका त्या दोन पट्ट्यांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता संपलं, आता हे उठून टेबल उलटं करतील. काका म्हणाले, "साबणान पण होता?" बाई म्हणाल्या, होतं. काका म्हणाले, "होऊ दे. माका दिसला ता दिसला. पण तुमी सांगलात ह्या बरा केलात."

मी बाईंना नंतर विचारलं, कशाला सांगितलंत हो? त्या म्हणाल्या, "अक्षता माझ्याकडे बघत होती." एवढंच.

आणि अक्षता नुसती बघत नव्हती. तिने हिशेब मांडला होता. तिने विचारलं, "म्हणजे आई थोडी विरघळते आणि थोडी नाही?" बाई म्हणाल्या, "राख. राख थोडी विरघळते, बरीचशी खाली बसते." "आणि आई?"

आपण सगळे मोठे लोक अशा वेळी काय करतो? मी केलं होतं तेच करतो. काहीतरी गोड सांगतो आणि पोराला झोपवतो. बाईंकडे उत्तर नव्हतं असं नाही. त्या दर रविवारी चर्चमध्ये जाणाऱ्या बाई आहेत, कपाळावर राख लावून आलेल्या बाई आहेत. त्या खाली बसल्या, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आल्या आणि म्हणाल्या, "ते मला माहीत नाही, अक्षता. माझ्या देवळात एक उत्तर सांगतात, ते मी मानते. तुझ्या काकांकडे दुसरं असेल. पण तुला करून दाखवता येईल असं माझ्याकडे काही नाही."

स्वतःच्या प्रश्नाला मोठ्या माणसाच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे त्या मुलीने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं असावं. तिने मान हलवली. मग बाईंना मिठी मारली आणि इतके दिवस अडवून धरलेलं सगळं तिच्या डोळ्यांतून वाहिलं. मी तिथेच उभा होतो. मला त्या दोघींच्या मध्ये जावंसं वाटलं नाही.

त्या शनिवारी अक्षताचं पोट दुखलं नाही. आम्ही गावाला गेलो, ती, मी आणि काका. बाईंनी गाळणकागद घडी करून दिला होता, ते पाणी बाटलीत भरून दिलं होतं. प्रवासभर बाटली तिच्या मांडीवर होती. काकांनी एकदाही म्हटलं नाही की असं कुठे असतं का.

सकाळी ओहोटी लागल्यावर होडी खाडीच्या मध्यावर नेली. भटजींनी सांगितलं, सोडा. मी मडकं दोन्ही हातांत धरून पाण्यावर वाकलो होतो आणि माझे हात सुटेनात. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. भटजींनी पुन्हा सांगितलं. काकांनी पाठीवर हात ठेवला. मला काही ऐकू येत नव्हतं. एवढंच कळत होतं की आता हे सोडलं की श्वेताचं माझ्या हातात काही म्हणजे काही उरणार नाही.

तेव्हा अक्षता शेजारी सरकली. तिने आधी बाटलीतलं पाणी खाडीत ओतलं, कागद सोडला. मग माझ्या हातांखाली तिचे हात लावले आणि मला म्हणाली, "सोड, बाबा. घाबरू नकोस. मी बघितलंय काय होतं ते."

मी सोडलं.

बाई, तुम्ही या शाळेत किती मुलांना काय काय शिकवलंत ते इतरांनी सांगितलं. तुमच्यामुळे कोण डॉक्टर झालं, कोण इंजिनिअर झालं, त्याच्यावर टाळ्याही झाल्या. माझ्या घरापुरतं बोलायचं तर त्या दिवशी होडीत मी आणि काका असे दोन मोठे पुरुष होतो आणि खचलेली नव्हती ती फक्त सहावीतली मुलगी. तिला ते बळ तुम्ही दिलंत, आणि तेसुद्धा तिच्याशी खरं बोलून. हे ऋण मला फेडता येणार नाही, आणि मी ते फेडायचा प्रयत्नही करणार नाही.

धाकूकाकांना आज यायचं होतं. गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. त्यांनी निरोप दिला आहे तो तसाच सांगतो. "बाईंका सांग, रिटायर झाल्यार घराक येवा. माशाचा जेवण करतंव."

अध्यक्ष महाराज, मला दिलेली वेळ मी केव्हाच ओलांडली आहे आणि तुम्ही घंटी वाजवली नाहीत, त्याबद्दल तुमचा आभारी आहे. शुभप्रसंगी अस्थींचा विषय काढू नये अशी आपली रीत आहे. ती मी मोडली. कोणाच्या मनाला ते लागलं असेल, कोणाविषयी माझा शब्द उणाअधिक गेला असेल, तर पदरात घ्या. रॉनीसाहेब, इतकी वर्षं बाईंना रोज मरोळहून आमच्याकडे पाठवलंत, त्याबद्दल तुमचेही आभार.

शाल आणि श्रीफळ अध्यक्षांच्या हस्ते दिलं जाईलच. पालकांच्या वतीने बाईंना फुलं द्यायची आहेत. श्वेता असती तर ती पुढे आली असती, मी मागे उभा राहिलो असतो. ती नाही. अक्षता, ये गं, तू दे.